मठाची शाळा आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

बौद्ध संस्थेच्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत युरोपातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच देऊन ठेवले आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण लिहिले, आणि जे प्रत्यक्षात कधीच होऊ शकले नाही, त्यात राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, हा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यासाठी दिलेल्या दाखल्यांत मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेचा दाखला ठळक आहे. युरोपीय जनतेच्या राजकीय मुक्तीची वाट त्या सुधारणेने मोकळी केली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरे उत्तर आपल्या अधिक जवळचे आहे. या धर्मसुधारणेने मठ बंद केले आणि त्यांतील काही मठांत निवासी शाळा उघडल्या. ज्या खोल्यांत ख्रिस्ती संन्यासी राहत, तेथे विद्यार्थी राहू लागले. जे उत्पन्न मठाच्या कोठारात जाई, त्यातून मुलांना जेवण आणि पुस्तके मिळू लागली. ही फार मोठी घटना होय. तथापि, त्या शाळांत शिकलेल्या मुलाने मोठेपणी प्रश्न विचारला तेव्हा त्याला कोणती वागणूक मिळाली, हे पाहिल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही नेमके तेच करू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ग्रंथ हाती देणे ही अर्धी क्रांती होय; त्या ग्रंथाविषयी, आणि तो देणाऱ्याविषयीही, प्रश्न विचारण्याचा अधिकार देणे हा तिचा उरलेला अर्धा भाग. युरोपने पहिला भाग काही वर्षांत उरकला. दुसऱ्यासाठी त्याला रक्ताचे पाट पाहावे लागले.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पश्चिम युरोपात रोमच्या पोपची सत्ता केवळ आध्यात्मिक नव्हती. चर्च हे मोठे जमीनदार होते, करवसुली करणारे होते आणि माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक संस्काराचे मक्तेदार होते. उपासनेची भाषा लॅटिन होती आणि ती बहुसंख्य शेतकऱ्यांना व कारागिरांना कळत नसे. अशा वेळी रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पापक्षमापत्रांची विक्री सुरू झाली. जर्मनीत जमणाऱ्या रकमेचा अर्धा भाग माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्या कर्जफेडीकडे वळत होता. ते कर्ज त्याने आपले पद मिळवण्यासाठी फुगर या सावकारी पेढीकडून काढले होते. म्हणजे गरिबाच्या पापभीतीवर चर्चचे बांधकाम आणि सावकाराचे व्याज अशी दोन्ही ओझी लादलेली होती. मृत आईबापांच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून पदरचे नाणे पुरोहिताच्या पेटीत टाकणारा तो शेतकरी आम्हांला अनोळखी वाटत नाही. आमच्या पूर्वजांनीही अशा पेट्या भरल्या आहेत.

विटेनबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक व संन्यासी मार्टिन लूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी या विक्रीविरुद्धची ९५ विधाने त्याच आर्चबिशपकडे पाठवली. ती चर्चच्या दारावर ठोकल्याची कथा प्रसिद्ध आहे. परंतु ती छापून सर्वत्र पसरली, हे तिच्याहून महत्त्वाचे. योहान हुस याने शंभर वर्षांपूर्वी असाच आवाज उठवला होता आणि १४१५ साली कॉन्स्टान्स येथे त्याला जिवंत जाळण्यात आले होते. हुसच्या काळी मुद्रणयंत्र नव्हते, लूथरच्या काळी होते. १५२० साली लूथरने पुरोहितशाहीच्या मुळावरच घाव घातला. प्रत्येक श्रद्धावंत हा आपला पुरोहित आहे, पाळक आणि शेतकरी यांच्यात जन्माने वा दीक्षेने कोणताही उच्चनीच भेद नाही, असे त्याने प्रतिपादिले. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर त्याने माघार घेण्यास नकार दिला. पुढे वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असता त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. ते सप्टेंबर १५२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली. संपूर्ण बायबल १५३४ साली जर्मनमध्ये आले.

ग्रंथ लोकभाषेत आला, तर तो वाचता येणारे लोक हवेत. १५२४ साली लूथरने जर्मनीतील सर्व नगरांच्या सभासदांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले. रस्ते, पूल आणि तटबंदी यांवर नगरे दरवर्षी खर्च करतात. मग त्यांनी मुलांच्या शिक्षणावर का करू नये, असा त्याचा सवाल होता. शाळा मुलींसाठीही हव्यात, असे त्याने त्यात स्पष्ट म्हटले. तो काळ ध्यानी घेता ही मागणी सामान्य नव्हती.

याच विचारातून मठांच्या शाळा झाल्या. सॅक्सनीचा ड्यूक मोरित्स याने १५४३ साली माइसेन आणि फोर्टा येथे, व त्यानंतर १५५० साली ग्रिमा येथे निवासी शाळा स्थापन केल्या. फोर्टा हा मूळचा सिस्टर्सियन संन्याशांचा मठ. तेथे शंभर विद्यार्थ्यांच्या निवासाची, भोजनाची आणि अध्यापनाची सोय करण्यात आली, आणि खर्चासाठी मठाच्या जमिनी शाळेकडेच ठेवण्यात आल्या. व्युर्टेम्बर्ग राज्यात १५५६ साली मठांसाठी नवा नियम झाला आणि माउलब्रॉन, आडेलबेर्ग आदी मठांत शाळा सुरू झाल्या. उन्हाळ्यात पहाटे चार वाजता आणि हिवाळ्यात पाच वाजता प्रार्थनेसाठी उठायचे, आपसांतही लॅटिनच बोलायचे, अशी तेथील शिस्त होती. वसतिगृहात पहाटेची घंटा ऐकलेल्या आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना ही दिनचर्या समजावून सांगण्याची गरज नाही.

या कार्याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. मात्र त्याच काळातील दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे.

१५२५ च्या मार्च महिन्यात दक्षिण जर्मनीतील मेमिंगन या नगरात शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या लिहून काढल्या. त्या शब्दबद्ध करण्यात झेबास्टियान लोत्सर या केसाळ कातड्याचे कपडे शिवणाऱ्या कारागिराचा मोठा वाटा होता. आपला पाळक निवडण्याचा अधिकार गावाला असावा, ही पहिली मागणी. तिसरी मागणी भूदासत्व संपवण्याची होती, आणि तिचा आधार असा की ख्रिस्ताने धनगरापासून सरदारापर्यंत सर्वांनाच मुक्त केले आहे. शेवटच्या कलमात त्यांनी नम्रपणे लिहिले, की यातील एखादी मागणी धर्मग्रंथाच्या विरुद्ध असल्याचे कोणी दाखवून दिले, तर ती आम्ही सोडून देऊ. लूथरने जे शिकवले, तेच त्यांनी केले होते. ग्रंथ हाती घेतला, वाचला आणि त्याच्या कसोटीवर आपले जीवन तपासले.

लूथरचे उत्तर काय होते? प्रथम त्याने सरदारांनाही खडसावले. परंतु भूदासत्वाबाबत त्याने सांगितले की ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे. पुढे बंड पेटले, तेव्हा मे महिन्यात त्याने शेतकऱ्यांच्या टोळ्यांविरुद्ध अत्यंत कठोर पत्रक लिहिले आणि त्यांना ठार मारण्याचे आवाहन राजेलोकांना केले. १५ मे रोजी फ्रांकनहाउझन येथे शेतकऱ्यांची कत्तल झाली. या संपूर्ण युद्धात सत्तर हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आत्मा मुक्त आणि देह मात्र मालकाचा, हा युक्तिवाद आमच्या समाजाने निराळ्या भाषेत शतकानुशतके ऐकला आहे. ईश्वराच्या दारी सर्व समान, पण गावच्या विहिरीवर नव्हे, हेच त्याचे आपल्याकडील रूप.

या युद्धानंतर धर्मसुधारणेचा सूर बदलला. १५२९ साली लूथरने लघु प्रश्नोत्तरी लिहिली. घराघरांत आणि शाळांत तीच मुखोद्गत करवली जाऊ लागली. तिच्यात प्रश्न आहेत, हे खरे; पण प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरही छापलेले आहे. मुलाने विचारायचे नाही, विचारलेल्याचे ठरलेले उत्तर द्यायचे. बायबल वाचकाच्या हाती राहिले, त्याचा अर्थ मात्र पाळक आणि राजा यांच्या हाती गेला.

ज्यांना हा अर्थ मान्य नव्हता, त्यांचे काय झाले, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत. न्यूरेंबर्गमध्ये संत क्लाराच्या मठाची प्रमुख कारिटास पिर्कहाइमर ही विदुषी होती. नगराने धर्मसुधारणा स्वीकारल्यावर १५२५ साली तिच्या मठावर बंद होण्याची वेळ आली. कोणाच्या सद्सद्विवेकावर बळजोरी करू नका, एवढेच तिचे मागणे होते. मठ मोडला गेला नाही. पण नव्या स्त्रियांना प्रवेश नाकारण्यात आला आणि तो हळूहळू संपला. मठांतील मुलग्यांच्या शाळा वाढल्या, परंतु स्त्रियांनी एकत्र राहून अध्ययन करण्याची ही जुनी जागा गेली. दुसरे उदाहरण १५४३ सालचे. ज्या वर्षी फोर्टाची शाळा निघाली, त्याच वर्षी लूथरने ज्यू लोकांविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्यांची प्रार्थनास्थळे जाळावीत, त्यांचे धर्मग्रंथ काढून घ्यावेत, त्यांच्या गुरूंना शिकवण्याची बंदी करावी, अशा शिफारशी त्यात आहेत. लोकांच्या हाती ग्रंथ देणाऱ्याने दुसऱ्यांच्या हातचे ग्रंथ हिसकावून घ्या म्हणून सांगावे, यासारखी शोकांतिका नाही. तिसरे उदाहरण कॅल्विनच्या जिनिव्हातील. तेथे २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मिगेल सर्व्हेटस या वैद्याला त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल जाळण्यात आले. त्याविरुद्ध ज्याने लेखणी उचलली, तो सेबास्टियन कास्टेलियो पूर्वी त्याच जिनिव्हात शाळेचा प्रमुख होता. मतभेदासाठी माणसाचा जीव घेण्याचा अधिकार कोणत्याही सत्तेला नाही, ही त्याची भूमिका. राजा नव्हे, सेनापती नव्हे, एक शिक्षक हे बोलला, याची आमच्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी नोंद घ्यावी.

आता त्या मठशाळेतील विद्यार्थ्याकडे येऊ. योहानेस केप्लरचा जन्म १५७१ साली वाइल डेर श्टाट येथे झाला. बाप भाडोत्री सैनिक, घरात ओढाताण. आडेलबेर्ग आणि माउलब्रॉन या निवासी शाळा व त्यानंतर ट्यूबिंगनचे विद्यापीठ यांच्या आधारानेच तो शिकला. त्या शाळा नसत्या, तर हा मुलगा शेतात किंवा खानावळीत राबत राहिला असता. पुढे ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नसून लंबवर्तुळाकार आहेत, हे त्याने शोधून काढले आणि १६०९ साली जगासमोर ठेवले. हजारो वर्षांची समजूत त्याने निरीक्षण आणि गणित यांच्या बळावर मोडली.

पण हाच केप्लर धर्माच्या बाबतीत कोठेच सुखी नव्हता. ग्राझ येथे तो शिक्षक असताना कॅथलिक सत्तेने प्रोटेस्टंटांना हाकलले. धर्म बदलण्यास नकार देऊन १६०० साली त्याने ते नगर सोडले. ज्या पंथासाठी त्याने घरदार सोडले, त्या पंथाने तरी त्याला जवळ केले का? प्रभुभोजनाविषयी लूथरपंथीयांचे जे ऐक्यसूत्र १५७७ साली ठरले होते, त्यातील एका मुद्द्यावर त्याच्या मनात शंका होती. ती त्याने लपवली नाही. १६१२ साली लिंत्स येथील पाळकाने त्याला प्रभुभोजनातून वगळले. केप्लरने आपल्या मातृभूमीच्या धर्मपीठाकडे दाद मागितली. धर्मपीठाने पाळकाचीच बाजू घेतली. १६१९ साली ट्यूबिंगनच्या त्याच्या जुन्या गुरूनेही तोच निर्णय कायम केला. ज्या व्यवस्थेने त्याला वाढवले, शिकवले, त्याच व्यवस्थेने एका शंकेपायी त्याला पंगतीतून उठवले.

याहूनही दारुण प्रसंग त्याच्या आईवर आला. काटारीना केप्लर हिच्यावर १६१५ साली चेटकीण असल्याचा आरोप झाला. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या स्त्रीला अटक करून साखळदंडात ठेवण्यात आले. केप्लर लिंत्सहून आला आणि त्याने तिच्या बचावाचे काम स्वतःच्या हाती घेतले. शेजाऱ्यांच्या ज्या आजारांचे खापर तिच्यावर फोडण्यात आले होते, त्यांची नैसर्गिक कारणे त्याने एकेक करून मांडली. यातनेची हत्यारे समोर ठेवली तरी त्या वृद्धेने खोटा कबुलीजबाब दिला नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये तिची सुटका झाली, आणि पुढच्या एप्रिलात ती मरण पावली. मठाच्या शाळेने मुलाला जी तर्कबुद्धी दिली, ती आईचा जीव वाचवायला उपयोगी पडली. शाळेचे सार्थक यापेक्षा वेगळे काय असते? आणि जो समाज अशा शाळा चालवत होता, तोच समाज त्या म्हातारीला जाळायला निघाला होता, हेही तितकेच खरे.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. प्रत्येकाला बायबल वाचता यावे, या प्रोटेस्टंट आग्रहातूनच मिशनऱ्यांनी जगभर शाळा काढल्या. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या अशा एका शाळेत महात्मा जोतीराव फुले शिकले. त्यांनी तेथील विद्या घेतली, परंतु शाळाचालकांचा धर्म स्वीकारला नाही. मिळालेल्या अक्षरांनी त्यांनी सर्वच धर्मग्रंथांना प्रश्न विचारले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून ती अक्षरे पुढे दिली. शिकवणाऱ्याचे ऋण मानायचे, पण बुद्धी गहाण टाकायची नाही, हा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला.

आता आम्ही आमच्याकडे वळतो. तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशात परंपरा, ग्रंथ वा गुरू यांच्या अधिकारावर विसंबून काहीही न स्वीकारता अनुभवाच्या कसोटीवर पारखण्यास सांगितले. असा उपदेश वारशात मिळालेल्या समाजाने युरोपच्या चुका पाहून समाधानाने मान डोलवावी, असे वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या वसतिगृहांतून मुले त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा अस्खलित म्हणतात, याचा आम्हांला आनंद आहे. पण त्यांतील एखाद्या प्रतिज्ञेचा अर्थ एखाद्या मुलाने विचारला, किंवा ती आजच्या काळात कशी पाळायची यावर शंका काढली, तर त्याला उत्तर मिळते की दटावणी? सभांमधून बाबासाहेबांचे एखादे वचन उच्चारले की चर्चा तेथेच संपते. ज्या महापुरुषाने आयुष्यभर चर्चा केली, त्याचे नाव चर्चा थांबवण्यासाठी वापरणे हा त्याचा गौरव नव्हे. छापील प्रश्नाखाली छापील उत्तर ही पद्धत आमच्याही दारातून आत आली आहे, हे आम्ही मान्य केले पाहिजे.

यावर काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, की आपला समाज अद्याप पुरता उभा राहिलेला नाही, बाहेर विरोधक टपलेले आहेत. अशा वेळी मुलांना शंका घ्यायला शिकवले तर चळवळ विस्कळीत होईल. ही भीती प्रामाणिक आहे आणि तिची टिंगल करणे योग्य नाही. लूथरपंथीयांनाही नेमकी हीच भीती होती. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला पोप. म्हणून त्यांनी ऐक्यसूत्र केले आणि त्यावर सह्या घेतल्या. परिणाम काय झाला? ऐक्य टिकले नाही. प्रोटेस्टंटांतच पंथ पडत गेले, १६१८ पासून तीस वर्षांचे युद्ध पेटले, आणि आपल्या काळातील सर्वांत तल्लख लूथरपंथीय विद्यार्थी प्रभुभोजनाच्या दाराबाहेर उभा राहिला. शंका दडपल्याने चळवळ मजबूत झाली नाही. तिने आपला केप्लर मात्र दुरावला. त्याच केप्लरने पंथ सोडला नाही, धर्म बदलला नाही, हेही विसरू नये. प्रश्न विचारणारा हा पळून जाणारा नसतो. बहुधा तोच सर्वांत निष्ठावान असतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली अशी, की सायंवंदनेनंतर आठवड्यातून एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. त्या तासाला प्रश्न मुलांनी विचारावेत आणि उत्तर माहीत नसेल तेथे शिक्षकांनी तसे सांगावे. दुसरी अशी, की मुलींच्या निवासाची सोय मुलांच्या सोयीइतकीच असावी आणि त्या तासाला पहिला प्रश्न मुलीचा असावा. लूथरने मुलींच्या शाळांची मागणी केली, पण मठांचे उत्पन्न मुख्यतः मुलग्यांवर खर्च झाले. तो दोष आम्हांला टाळता येण्यासारखा आहे.

माउलब्रॉनचा मठ आजही उभा आहे आणि तेथे आजही विद्यार्थी राहतात व शिकतात. आमचेही विद्यालय दीर्घायुषी व्हावे, अशी आमची सदिच्छा आहे. मात्र इमारतीच्या आयुष्याने संस्थेची थोरवी ठरणार नाही. येथून बाहेर पडलेला विद्यार्थी उद्या आमच्याच एखाद्या मताला शंका घेऊन परत आला, तर आम्ही त्याला आत बोलावून पंगतीत बसवतो की दाराबाहेर ठेवतो, यावरून ती ठरेल.